इंग्लंडमधल्या शेतकरी घराण्याची वंशावळ कशी शोधावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबं, इंग्रज घरात लग्न होऊन गेलेल्या मुली, इंग्रज सून किंवा जावई असलेले आईवडील यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. घराणं उमरावाचं असेल तर वंशावळ बहुतेक वेळा छापलेलीच असते. खेड्यातल्या शेतकऱ्याची मात्र एकेक कागद जुळवत उभी करावी लागते. सगळ्या उत्तरांमागचं सूत्र आधीच सांगते : नावाइतकाच शेताचाही माग काढा. इथली माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडची दफ्तरं वेगळी आहेत.

१. सासऱ्यांच्या आजोबांचं नाव आणि ‘नॉर्फोकला शेती होती’ एवढंच माहीत आहे. सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाशी बोलण्यापासून. जुनं बायबल, मागे नावं लिहिलेले फोटो, शेताचं नाव असलेली पत्रं, जे असेल ते बघून घ्या. मग दाखल्यांकडे वळा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जन्मदाखल्यावर वडिलांचा धंदा आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. त्यावरून आईवडिलांचं लग्न शोधायचं. लग्नाच्या दाखल्यावर वधू-वर दोघांच्याही वडिलांची नावं आणि धंदे मिळतात (आयांची नावं मे २०२१ पासूनच येऊ लागली). मृत्युदाखल्यावर आईवडील नसतात, पण खबर कोणी दिली ते असतं. तिथे लग्न झालेली मुलगी किंवा पुतण्या अचानक हाती लागतो.

एका पिढीचा पुरावा हातात आल्याशिवाय तिच्या मागच्या पिढीकडे जाऊ नका. वरून, म्हणजे त्याच आडनावाच्या कोणा नामांकित माणसापासून, खाली यायचा प्रयत्न तर अजिबात नको.

२. हे सगळं घरबसल्या होतं का? पैसे किती पडतात?

निम्म्याहून जास्त होतं. सरकारी नोंदणी कार्यालयाची जन्म-मृत्यूंची सूची ऑनलाइन आहे. ती बघायला पैसे पडत नाहीत, दाखला मागवायला पडतात. तिच्यात जुन्या जन्मांपुढेही आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, त्यामुळे एकाच जोडप्याची सगळी मुलं शोधता येतात. फॅमिलीसर्च आणि फ्रीबीएमडी ही संकेतस्थळं मोफत आहेत. अ‍ॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट यांना वर्गणी लागते. पण इंग्लंडमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत त्यांपैकी एखादं फुकट वापरता येतं, आणि लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातही. वर्गणी भरण्याआधी गावच्या वाचनालयात चौकशी करा.

३. जनगणनेत नेमकं काय सापडतं?

१८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली, पण नावानिशी उपयोगी पडते ती १८४१ ची. तिच्यात नातं लिहिलेलं नाही आणि १५ वर्षांवरच्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. ३९ वर्षांचा माणूस तिथे ३५ चा दिसतो. खरा खजिना १८५१ पासून. कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही, आणि जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतल्या गावात झाला, हे सगळं मिळतं.

शेतकऱ्यांसाठी १८५१ ते १८८१ च्या जनगणना विशेष मोलाच्या. धंद्याच्या रकान्यात नुसतं ‘शेतकरी’ नसतं. ‘१२० एकरांचा शेतकरी, ४ मजूर कामाला’ अशा धर्तीची नोंद असते. त्याखाली बायको, मुलं, मग एखादा अविवाहित भाऊ, दूधदुभत्याचं काम करणारी मुलगी, नांगरावरचा पोरगा. दर दहा वर्षांनी एकर वाढले की घटले ते बघा. १२० चे ८० झाले असतील, तर मधल्या काळात काय घडलं हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो. १९११ च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला कागद बघायला मिळतो. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यांतली किती गेली हेही असतं.

सध्या १९२१ पर्यंतची जनगणना खुली आहे. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ ला केलेली नोंदवही कामाला येते.

४. १८३७ च्या आधी काय?

चर्चच्या नोंदवह्या. १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला. १५९८ मध्ये जुन्या वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या. म्हणून पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू होतात. दरवर्षीची एक नक्कल बिशपकडेही जाई. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल किंवा पान फाटलं असेल, तर ती नक्कल मागा.

दोन वर्षं लक्षात ठेवा. १७५४ पासून लग्नाची वेगळी वही आली आणि तिच्यात वधू-वर व साक्षीदार सही किंवा फुली करू लागले. १८१३ पासून छापील फॉर्म आले : बाप्तिस्म्याला वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनाला वय. त्याआधीची नोंद अनेकदा एका ओळीची असते, ‘जॉनचा मुलगा विल्यम’, बस्स.

५. एकाच तारखेला ‘१७२३/४’ अशी दोन वर्षं का लिहितात?

१७५१ पर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून फेब्रुवारी १७२३ आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२४. मे १७२३ ला लग्न आणि फेब्रुवारी १७२३ ला मूल असं दिसलं तर घोटाळा नाही, मूल नऊ महिन्यांनीच झालंय. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, तेही ध्यानात असू द्या. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असल्या तरी घाबरू नका : गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स.

६. बाप्तिस्मा कुठेच सापडत नाही. आता?

आधी शेजारच्या पॅरिश बघा. शेत हद्दीवर असेल तर चिखलाच्या दिवसांत जे चर्च जवळ ते सोयीचं. बाईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर तिचं गाव बघा. काही घरांत चार-पाच मुलांचे बाप्तिस्मे एकदम उरकलेले असतात, म्हणून जन्मवर्षाच्या पुढची दहा-बारा वर्षं चाळा. १६४० ते १६६० ही यादवीची आणि तिच्या पाठोपाठची वर्षं. तेव्हाच्या वह्यांत ठिकठिकाणी खंड आहे.

आणि घराणं चर्च ऑफ इंग्लंडचं नसेल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट किंवा क्वेकर असेल, तर वहीच वेगळी. या पंथांच्या १८३७ पूर्वीच्या पुष्कळ वह्या आता क्यूला आहेत. क्वेकर महिन्यांची नावं लिहीत नसत, क्रमांक लिहीत. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा : १७५४ ते १८३७ मध्ये क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न सरकारमान्य पॅरिश चर्चमध्येच करावं लागे. म्हणजे बाप्तिस्मा सापडला नाही तरी लग्न तिथे सापडायला हवं.

७. एकाच गावात एकाच नावाचे तीन जॉन आहेत. आमचा कोणता?

सगळ्यात जास्त वंशावळी इथे फसतात. आधी दफनं बघा. लहानपणीच गेलेला जॉन कोणाचा आजोबा होऊ शकत नाही, आणि मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची पद्धत सर्रास होती. मग तिघांची तीन कुटुंबं शेवटपर्यंत कागदावर मांडा : बायका, मुलं, साक्षीदार, दफनं. १७५४ नंतरचे असतील तर लग्नाच्या वहीतल्या सह्या शेजारी ठेवून बघा. एकाची सफाईदार सही, दुसऱ्याची फुली.

तरीही सुटलं नाही तर शेत सोडवतं. हिलफार्मचा जॉन आणि मिलफार्मचा जॉन एकाच वर्षी एकाच चर्चमध्ये मुलं आणत असतील, पण दोघांनी एकाच शेताचा कर भरलेला नसतो. १७८० ते १८३२ च्या जमीनकराच्या याद्यांत मालक आणि कसणारा दोघांची नावं वर्षागणिक असतात. शेताबद्दल पुढे प्रश्न ९ आणि १०, मृत्युपत्रासाठी प्रश्न ११ पाहा.

८. योमन, हजबंडमन, फार्मर, ‘ॲग लॅब’ यांत फरक काय?

साधारणपणे योमन हा सधन शेतकरी, बहुतेकदा थोडीफार स्वतःची जमीन असलेला. हजबंडमन त्याच्या खालचा, लहान शेत कसणारा. अठराव्या शतकापासून दोन्ही शब्द मागे पडून ‘फार्मर’ रुळला आणि त्यात ५ एकरवाला व ५०० एकरवाला दोघेही आले. ‘ॲग लॅब’ म्हणजे जनगणना अधिकाऱ्याने आखडून लिहिलेला शेतमजूर. एकच माणूस लग्नात हजबंडमन आणि मृत्युपत्रात योमन असू शकतो. शेतकऱ्याचा धाकटा मुलगा मजूर झालेला तर जागोजागी दिसतो, कारण शेत बहुधा एकाकडेच जाई. धंदा वेगळा दिसला म्हणून माणूस वेगळा ठरवू नका.

९. शेतकरी होते म्हणजे जमीन त्यांचीच असणार ना?

बहुधा नाही. एकोणिसाव्या शतकातले बहुसंख्य इंग्रज शेतकरी कुळं होते. जमीन जहागीरदाराची, चर्चची किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजची. म्हणून शेतकऱ्याचे कागद शेतकऱ्याच्या घरात न सापडता मालकाच्या दफ्तरात सापडतात : खंडाच्या वह्या, भाडेपट्टे, कारभाऱ्याची पत्रं. पश्चिमेकडच्या परगण्यांत ‘तीन आयुष्यांचे’ पट्टे चालत. पट्ट्यात तीन माणसांची नावं असत आणि त्यांतला शेवटचा जिवंत असेपर्यंत शेत घराण्याकडे राही. ती नावं बहुधा मुलांची किंवा नातवंडांची असतात, वयासकटही मिळतात. वंशावळीला याहून चांगला कागद क्वचितच असेल.

दुसरा प्रकार कॉपीहोल्ड. ही जमीन मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या न्यायसभेच्या नोंदीवर चाले. कूळ वारलं की सभेत मृत्यू नोंदवायचा, वारसाने पुढे येऊन नजराणा भरायचा आणि नोंदीची नक्कल घ्यायची. अनेक मॅनरांत मेलेल्या कुळाचं सगळ्यात चांगलं जनावर धन्याकडे जमा होई. बाप, मुलगा, नातू अशी साखळी या वह्यांत पिढ्यान् पिढ्या सलग मिळते आणि पॅरिशची वही सुरू होण्याच्याही मागे जाते. १७३३ पर्यंत भाषा बहुतेक लॅटिन, पण साचा ठरलेला. एकदा बसला की वाचता येतो. कॉपीहोल्ड १ जानेवारी १९२६ पासून रद्द झालं. कोणत्या मॅनरचे कागद कुठे आहेत याची सूची राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहे.

वारसाचे नियम गावागणिक बदलत. सर्वसाधारण कायद्याने थोरला मुलगा वारस. केंटमध्ये मात्र सगळ्या मुलांत समान वाटणी, आणि काही मॅनरांत चक्क धाकटा मुलगा वारस. धाकट्याला शेत मिळालं म्हणून थोरला मेला असं गृहीत धरू नका.

१०. त्यांचं शेत नकाशावर नेमकं कुठे होतं ते कळेल का?

बहुतेक वेळा हो, आणि हा शोधाचा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यात द्यायचा दशमांश कर पैशात बदलला. त्यासाठी पुढच्या पंधराएक वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाचे मोठे नकाशे तयार झाले. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सोबतच्या तक्त्यात त्या क्रमांकापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, आणि क्षेत्र. आपल्या सातबाऱ्यासारखाच हा कागद, मालक एका रकान्यात आणि कसणारा दुसऱ्या. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं : ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर. हा तक्ता १८४१ च्या जनगणनेशेजारी ठेवला की घर आणि शेत दोन्ही एकदम दिसतात.

नॉर्थहॅम्पटनशर, लेस्टरशर अशा मध्य इंग्लंडच्या परगण्यांत पुष्कळ ठिकाणी हा नकाशा मिळत नाही. सामायिक रानं कुंपण घालून वाटली तेव्हाच तिथला दशमांश मिटवला गेला होता. तिथे त्या वाटणीचा निवाडा आणि त्याचा नकाशा मागा.

पुढच्या काळासाठी दोन साधनं : १९१० च्या कायद्याने झालेली जमिनीची मूल्यांकन-वही, जिच्यात घराच्या खोल्या आणि गोठे यांचंही वर्णन असतं, आणि १९४१ ते १९४३ ची शेती पाहणी, ५ एकर आणि त्यावरच्या सगळ्या शेतांची. तिच्यात किती गाई, किती घोडे, ट्रॅक्टर आहे का, वीज आहे का, आणि शेतकऱ्याला अ, ब किंवा क दर्जा. ‘क’ मिळाला असेल तर कारणही लिहिलेलं असतं : वय झालं, भांडवल नाही, किंवा माणसातच उणीव. आजोबांबद्दल असा शेरा वाचायची तयारी ठेवून फाइल उघडा.

११. साध्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र असतं का?

असतं, आणि हजबंडमनचंसुद्धा असतं. १२ जानेवारी १८५८ नंतरची सगळी सरकारी सूचीत मिळतात. त्याआधीची चर्चच्या न्यायालयांत : लहान मिळकत असेल तर आर्चडीकन किंवा बिशपचं न्यायालय (कागद बहुधा परगण्याच्या अभिलेखागारात), मोठी किंवा विखुरलेली असेल तर कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपचं. कँटरबरीची क्यूला, यॉर्कची यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत.

सोळाव्या शतकापासून साधारण १७५० पर्यंतच्या मृत्युपत्रांसोबत मालमत्तेची यादीही जोडलेली असते. शेजारचे दोघे-तिघे शेतकरी मेलेल्याच्या घरी येऊन खोलीमागून खोली फिरत आणि किंमत लावत. सुरुवात जवळजवळ नेहमी ‘त्याची थैली आणि अंगावरचे कपडे’ अशी. मग बैठकीतलं टेबल आणि बाक, माडीवरचा पलंग आणि पिसांची गादी, दुधाच्या खोलीतली चीजची फळी, बाहेर गाई, डुकरं, मेंढ्या, शेणखताचा ढीग, शेतात पेरलेला गहू. शेवटी येणं किती, देणं किती. नवऱ्याच्या कितव्या तरी पणजोबांच्या घरात तुम्ही स्वतः फिरून येता.

अपवाद : डेव्हन आणि सॉमरसेटची मृत्युपत्रं मोठ्या प्रमाणावर १९४२ च्या एक्झिटर बॉम्बहल्ल्यात जळाली. तिथे १७९६ पासूनच्या मृत्युकराच्या नोंदींचा आधार घ्या.

१२. बायकांचा माग कसा काढायचा? दोन पिढ्यांनी सगळ्या ‘मेरी’ होऊन जातात.

माहेरच्या बाजूने. तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको’ असा उल्लेख असतो. लग्न झालेल्या बाईला १८८२ चा कायदा येईपर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून बायकांची मृत्युपत्रं विधवा आणि अविवाहित आत्यांची. त्या आत्या फार कामाच्या; भाचे-पुतणे नावानिशी सांगून जातात. मुलांच्या मधल्या नावात आईचं माहेरचं आडनाव दडलेलं असतं. आणि विधवेने दुसरं लग्न केलं असेल तर लग्नाच्या नोंदीत तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव असतं, माहेरचं नव्हे.

एक वेगळी अडचण : बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करणं १८३५ ते १९०७ या काळात इंग्लंडमध्ये बेकायदा होतं. काही विधुर गावापासून दूर, कोणी ओळखत नाही अशा शहरात जाऊन लग्न करून येत. लग्न गावात सापडत नसेल आणि दोन्ही बायकांचं माहेर एकच असेल, तर मोठ्या शहरांच्या नोंदी बघा.

१३. दाखल्यावर वडिलांचं नावच नाही. घरच्यांना हे सांगायचं का?

शोधाचं आधी. १८३४ पूर्वी पॅरिशला मुलाचा खर्च पडू नये म्हणून आईची जबानी घेऊन बापाकडून हमीपत्र लिहून घेत. ते पॅरिशच्या पेटीतल्या कागदांत असतं आणि त्यात बापाचं नाव, गाव, धंदा सगळं मिळतं. नंतरच्या काळात स्थानिक न्यायाधीशांच्या नोंदी बघा. मुलाचं चमत्कारिक मधलं नाव हेही बापाचं आडनाव असू शकतं.

सांगण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीने शेतावर राबून मूल वाढवलं. तिचं नाव वंशावळीत मानाने यावं. हयात माणसांच्या जन्माचा प्रश्न असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय काही लिहू नका.

१४. आमचे पूर्वज शेतमजूर होते. त्यांचे काही कागद असतील का?

कधी कधी शेतकऱ्यापेक्षा जास्त. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचं एक हक्काचं पॅरिश ठरलं. मदत हवी तर तिथेच. दुसरीकडे मदत मागितली की अधिकारी त्याची जबानी घेत : जन्म कुठे, कोणाकडे सालाने राहिलास, लग्न कधी, मुलं किती. म्हणजे सही न येणाऱ्या माणसाचं छोटं आत्मचरित्रच. वर्षभर सलग चाकरी केली तर नव्या पॅरिशचा हक्क मिळे, म्हणून काही ठिकाणी मजुरांना ५१ आठवड्यांसाठीच ठेवत. १८३४ नंतर वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेत त्या घरांच्या वह्या बघा.

१५. १८८१ पर्यंत सगळे गावात आहेत, १८९१ ला एकही नाही. गेले कुठे?

१८७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं, १८७९ चा पावसाळी हंगाम बुडाला आणि गहू पिकवणारे परगणे कोलमडले. कोणी शहरात, कोणी रेल्वेत, कोणी कॅनडा-ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेलं. स्थानिक वर्तमानपत्रातली लिलावाची जाहिरात शोधा. शेत सोडताना जनावरं आणि अवजारं विकत. जाहिरातीत शेताचं नाव आणि बहुधा कारणही असतं. मोसम ठरलेला : शेतांचे करार २९ सप्टेंबरच्या मायकलमसला किंवा २५ मार्चच्या लेडी डेला बदलत.

१६. घराण्यातला एक मुलगा मुंबई इलाख्यात वारला असं सांगतात. इथे काही मिळेल का?

मिळण्याची चांगली शक्यता आहे. आधी कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत खेड्यातले धाकटे मुलगे आणि मजूर मोठ्या संख्येने आले. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली इथल्या छावण्यांत ते राहिले, काहींना इथेच माती मिळाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत आणि ऑनलाइनही बघता येतात. सैनिकाच्या कागदांत बहुधा जन्माचं पॅरिश आणि भरतीआधीचा धंदा असतो, त्यामुळे उलट दिशेनेही जाता येतं : पुण्यातल्या थडग्यापासून नॉर्फोकच्या गावापर्यंत. दफनभूमीत जाऊन फोटो काढणं हे काम इथल्या नातेवाइकांनी अवश्य करावं; पावसाने अक्षरं झिजत चालली आहेत.

१७. एका संकेतस्थळावर आमची वंशावळ थेट १०६६ पर्यंत तयार आहे, सोबत कुलचिन्हही. घेऊ का?

प्रत्येक दुव्याखाली कोणता कागद जोडलाय ते बघा. दुसऱ्याच्या वंशावळीचा हवाला हा पुरावा नव्हे. सर्वसाधारण शेतकरी घराणं सतराव्या किंवा सोळाव्या शतकापर्यंत नेता येतं, मॅनरच्या वह्या चांगल्या असतील तर आणखी मागे. कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं आणि त्याची नोंद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असते.

१८. डीएनए चाचणीने हे सगळं लवकर होईल का?

कागदाची जागा ती घेत नाही. मात्र प्रश्न ७ किंवा १३ सारख्या कोंडीत, त्याच गावच्या घराण्यातले दूरचे भाऊबंद जुळले तर निकाल लावायला उपयोगी पडते. चाचणी घरातल्या सगळ्यात जुन्या पिढीची करा.

१९. अभिलेखागारात प्रत्यक्ष जायचंय. काय तयारी करू?

आधी सूचीत कागदाचा क्रमांक शोधा आणि तो आगाऊ मागवता येतो का ते विचारा. काही दफ्तरं दुसऱ्या इमारतीत ठेवलेली असतात. वाचक-पत्रासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा न्या. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. फोटो काढायची परवानगी आणि तिचं शुल्क विचारून घ्या. पॅरिशच्या वह्या बहुधा मायक्रोफिल्मवर किंवा पडद्यावरच दाखवतात, म्हणून तो वेळ घरी वाचवा आणि तिथे खंडाच्या वह्या, मॅनरचे कागद, हमीपत्रं अशी ऑनलाइन नसलेली दफ्तरं मागा. प्रत्येक फोटोबरोबर कागदाचा क्रमांक दिसेल असा एक फोटो काढा. आणि परतीच्या वाटेवर गाव असेल तर चर्चचं आवार बघून या. थडग्यावर पुष्कळदा शेताचं नावही कोरलेलं असतं.